कानाशी आलेला वाद्यवृंद : एक प्रस्तावना

हेडफोन कानाला लावून वाद्यवृंदाचे संगीत ऐकणे हा अगदी अलीकडचा, तरुण पिढीने काढलेला शौक आहे, अशी जी सर्वसाधारण समजूत आढळते, तिला इतिहासाच्या दफ्तरात आधार सापडत नाही. बर्लिनरचा ग्रामोफोन १८८७ साली जन्मास आला. त्याच्या सहा वर्षे अगोदर, १८८१ साली पॅरिसमध्ये भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर ह्या फ्रेंच अभियंत्याने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर, पुढील दिव्यांच्या ओळीलगत, टेलिफोनची बोलण्याची यंत्रे मांडून त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या दालनापर्यंत नेल्या होत्या, आणि तेथे आलेल्या लोकांच्या दोन्ही कानांना ऐकण्याचे एकेक यंत्र लावून, त्या घटकेला रंगमंचावर चाललेला खेळ त्यांना ऐकविला होता. ह्यातली खुबी अशी की, डाव्या कानाची तार रंगमंचाच्या एका ठिकाणाहून आणि उजव्या कानाची दुसऱ्या ठिकाणाहून आलेली असे. त्यामुळे गायक चालू लागला की त्याचा आवाजही ऐकणाऱ्याच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे सरके. पुढे १८९० मध्ये ह्या सोयीसाठी रीतसर कंपनी निघाली, ती १९३२ पर्यंत चालली; आणि दम्याच्या विकारामुळे नाट्यगृहात जाणे ज्याला दुष्कर झाले होते त्या मार्सेल प्रूस्त ह्या कादंबरीकाराने १९११ साली तिची वर्गणी भरून वाग्नर आणि दब्यूसी यांचे ऑपेरे घरबसल्या ऐकले.

हा दाखला आरंभीच नमूद करण्याचे कारण एवढेच की, कानाला चिकटलेल्या यंत्राने जगाला जो पहिला चमत्कार दाखविला तो आवाजाच्या गोडव्याचा नव्हता, तर अंतराचा होता. त्या काळच्या टेलिफोनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखाच असणार. तरीही गायक कोठे उभा आहे हे कळले म्हणून लोक थक्क झाले. आज ह्या विषयावर जे काही बोलले आणि लिहिले जाते त्यात ‘तपशील’ ह्या गुणाचा फार बडेजाव असतो: अमुक हेडफोनमधून व्हायोलिनच्या गजावरील राळेची खरखर ऐकू येते, तमुकमधून बासरीवाल्याचा श्वास ऐकू येतो, म्हणून ते श्रेष्ठ. मला हे मोजमापच मान्य नाही. वाद्यवृंदाच्या श्रवणासाठी हेडफोनची परीक्षा करावयाची ती त्याने वाद्ये किती जवळ आणली यावरून नव्हे, तर कानापासून अर्ध्या बोटावर बसलेले हे यंत्र ती वाद्ये किती दूर ठेवू शकते यावरून करावी, हे माझे म्हणणे आहे, आणि पुढील विवेचन त्याच एका मुद्द्याच्या अनुरोधाने चालणार आहे.

आपल्याकडील श्रोत्याला हा मुद्दा चटकन पटत नाही, यालाही कारण आहे. आपला कान बैठकीत घडलेला आहे. गवई हाताच्या अंतरावर बसलेला, त्याच्या पाठीमागे तंबोऱ्यांची जोडी, बाजूस तबला आणि पेटी, आणि समोर बसलेल्या जाणकाराच्या मानेच्या एका हालचालीने पुढची तान बदलण्याची शक्यता: अशा मैफलीत सान्निध्य हाच संगीताचा एक घटक असतो, आणि ख्यालगायनाचे चांगले ध्वनिमुद्रण हेडफोनवर ऐकले असता ते तत्काळ नैसर्गिक वाटते, कारण गवई मुळातच जवळ बसून ऐकावयाचा असतो. ऐंशी-शंभर वादकांच्या वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. त्यात पुढच्या रांगेतील व्हायोलिने आणि मागच्या रांगेतील टिंपनी यांच्यामध्ये कित्येक पावलांची जमीन असते, आणि ती जमीन रचनाकाराने हिशेबात धरलेली असते. त्या संगीताशी आपला संबंध अगदीच नाही असेही नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केला, २००६ पासून नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए.मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया नांदत आहे, आणि ज्यांनी यांपैकी कोठेही कधी पाऊल ठेवले नाही त्यांनीदेखील सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस प्रभृती गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटगीतांत पेरलेल्या व्हायोलिनांच्या लगडी लहानपणापासून कानांत साठविलेल्या असतात. परंतु त्या गीतांत वाद्यवृंद हा गळ्याच्या मागे धरलेला पडदा असतो. पडदाच नाटक करू लागला म्हणजे काय होते, हे समजून घ्यावयास मूळ रचनांकडेच गेले पाहिजे.

बेर्लिओझच्या १८३० सालच्या ‘सिंफनी फँटास्टिक’चा तिसरा भाग घ्यावा. त्याच्या प्रारंभी रंगमंचावरील कोर आंग्ले ह्या वाद्याला रंगमंचाबाहेर बसविलेला ओबो उत्तर देतो, जणू दोन गुराखी दोन टेकड्यांवरून एकमेकांना साद घालीत आहेत. भागाच्या अखेरीस तेच कोर आंग्ले पुन्हा साद घालते, तेव्हा ओबो गप्प असतो आणि उत्तरादाखल चार वादकांच्या हातांखालील टिंपनींमधून दूरवरचा गडगडाट तेवढा येतो. ह्या प्रसंगातील सारे दुःख अंतरातून निर्माण झालेले आहे. ओबो जर कोर आंग्लेच्या शेजारीच बसल्यासारखा ऐकू आला, तर एका वादकाला पुढचा स्वर आठवला नाही, इतकाच त्याचा अर्थ उरेल. माहलरने आपल्या पहिल्या सिंफनीच्या आरंभी ट्रंपेटे खूप दूर, दृष्टीआड ठेवावीत असे बजावून ठेवले आहे, तेही याच जातीचे.

परंतु माझ्या मते सर्वांत सूक्ष्म दाखला चायकॉव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा, म्हणजे ‘पॅथेटिक’चा. तिचा पहिला प्रयोग १८९३ च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्ग येथे झाला आणि त्यानंतर नऊ दिवसांनी रचनाकार वारला. तिच्या अंतिम भागाच्या प्रारंभी व्हायोलिनांवर एक उतरती, विव्हळ चाल ऐकू येते. मात्र स्वरलिपीचा कागद उघडून पाहिला तर ती चाल कोणाच्याच पुढ्यात लिहिलेली आढळत नाही. तिचा एक स्वर पहिल्या व्हायोलिनांकडे, दुसरा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, तिसरा पुन्हा पहिल्यांकडे, असे स्वर वाटून दिलेले आहेत. दोन्ही गटांपैकी प्रत्येक जण जे वाजवितो ते एकेकटे ऐकल्यास वाकडेतिकडे आणि निरर्थक असते, आणि चाल निर्माण होते ती त्या दोहोंच्या दरम्यान, ऐकणाऱ्याच्या डोक्यात. पुढे तीच चाल परत येते तेव्हा मात्र ती सरळ पहिल्या व्हायोलिनांच्या हवाली केलेली आहे. त्या काळच्या वहिवाटीप्रमाणे पहिली व्हायोलिने संचालकाच्या डाव्या हाताला आणि दुसरी उजव्या हाताला, समोरासमोर, बसत. तेव्हा ही चाल सभागृहाच्या आरपार हेलकावे खात येत असली पाहिजे. विसाव्या शतकात स्टोकोव्स्कीसारख्या संचालकांनी सर्व व्हायोलिने एकाच बाजूस बसविण्याचा शिरस्ता पाडला आणि हा हेलकावा बहुतेक ध्वनिमुद्रणांतून नाहीसा झाला. म्राव्हिन्स्की आणि त्याचा लेनिनग्राडचा वाद्यवृंद यांनी जुनी बैठक सोडली नव्हती. १९६० साली त्यांनी व्हिएन्नात ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली, ती चांगल्या हेडफोनवर ऐकावी. एकाआड एक स्वर डाव्या-उजव्या अंगांना फुटतो आणि तरीही चाल अखंड राहते. खोलीत मांडलेल्या ध्वनिक्षेपकांतून ही गोष्ट एवढी उघड होत नाही, कारण भिंतींवरून परतलेले आवाज दोन्ही बाजूंची सरमिसळ करून टाकतात. हेडफोनची बाजू घेऊन वाद घालण्याचा प्रसंग आला तर मी एवढा एकच पुरावा पुढे ठेवीन.

असे अंतर ध्वनिमुद्रणात आणण्याची कला मात्र फार उशिरा साधली. तबकडीच्या पहिल्या अर्धशतकात सारा वाद्यवृंद एकाच वाहिनीतून वाहून येई. तोस्कानिनी आणि फुर्टव्हेंगलर यांची कितीतरी थोर कामगिरी अशी एककर्णी अवस्थेतच आपल्यापर्यंत पोचली आहे. ब्लमलाइन ह्या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरात द्विकर्णी ध्वनीच्या आपल्या योजनेचा एकस्वासाठी मसुदा दाखल केला आणि १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या अॅबी रोड येथे बीचमच्या संचालनाखाली मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम चालली असता ती तशी मुद्रित करून पाहिली. पण व्यापाऱ्यांनी ती योजना वीस वर्षे बासनात बांधून ठेवली. दरम्यान जर्मनीत, ऐन महायुद्धात, चुंबकीय फितीवर काही द्विकर्णी मुद्रणे झाली. गीजेकिंगने बर्लिनमध्ये वाजविलेले बीथोव्हेनचे ‘एम्परर’ त्यांपैकीच एक असून, त्यातील शांत जागी विमानविरोधी तोफांचे दूरचे ठोके ऐकू येतात असे जाणकार दाखवून देतात. पुढे १९५४ च्या मार्चमध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये फ्रिट्झ रायनरने रिचर्ड श्ट्राउसचे ‘झरथुस्त्र’ मुद्रित केले, आणि साधारण त्याच सुमारास लंडनच्या डेका कंपनीच्या अभियंत्यांनी संचालकाच्या डोक्यावर तीन सूक्ष्मध्वनिग्राहक इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या सांगाड्यास टांगण्याची जी पद्धत बसविली, ती ‘डेका ट्री’ ह्या नावाने आजतागायत प्रचारात आहे.

ह्या डेकाच्या, आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्याही, आवडत्या जागांपैकी लंडनचा किंग्जवे हॉल ही एक होती. मुळात ते मेथडिस्ट पंथाचे प्रार्थनागृह. उतरती जमीन, कळकट भिंती, परंतु नाद असा की १९८४ पर्यंत तेथे मुद्रणे होत राहिली. त्या इमारतीखालून भुयारी रेल्वे जात असे. एखाद्या अडाज्योच्या अखेरीस तंतुवाद्ये मंदावत मंदावत थांबावीत, सभागृहातला नाद विरू लागावा, आणि त्याच्या तळाशी, कानाला ऐकू येण्याऐवजी जबड्याला जाणवावी अशी, गाडीची घरघर एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला निघून जावी, हा अनुभव किंग्जवेच्या मुद्रणांत हेडफोनवर हटकून येतो. काही लोक यास दोष मानतात. मला तो त्या मुद्रणांच्या अस्सलपणाची सनद वाटते. कारण जे यंत्र सभागृहाची जमीन, तिच्याखालचे भुयार आणि त्यातून जाणारी गाडी इतक्या पायऱ्या उलगडून दाखविते, ते व्हायोलिन आणि ट्रंपेट यांच्यामधील अंतर चुकविणार नाही. सर जॉन बार्बिरोलीच्या मुद्रणांत संचालकाचे कण्हणे ऐकू येते, ते पोडियमवरून येते की श्रोत्याच्या कवटीतून, एवढे पाहिले तरी हेडफोनची निम्मी परीक्षा होते.

येथे एक अडचण आडवी येते, आणि ती यंत्र महाग घेतल्याने सुटत नाही. द्विकर्णी मुद्रणे बहुतांशी समोर मांडलेल्या दोन ध्वनिक्षेपकांसाठी केलेली असतात. त्या व्यवस्थेत उजव्या ध्वनिक्षेपकाचा आवाज डाव्या कानालाही पोचतो, मात्र किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे किंचित बोथट होऊन; आणि त्या उशिरावरून व बोथटपणावरून मेंदू दिशेचा हिशेब मांडतो. हेडफोनमध्ये हा व्यवहारच बंद पडतो, डावे ते डावेच आणि उजवे ते उजवेच राहते, आणि वाद्यवृंद पुढे उभा राहण्याऐवजी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्याच्या आतून ताणलेल्या दोरीवर ओळंबल्यासारखा होतो. यावर बाउअरने १९६१ मध्ये आणि लिंकविट्झने १९७१ मध्ये विद्युन्मंडलांच्या तजविजी सुचविल्या, ज्यांत प्रत्येक बाजूचा थोडा आवाज विलंबाने दुसऱ्या बाजूला सोडला जातो. हल्ली ही सोय, क्रॉसफीड ह्या नावाने, काही अॅम्प्लिफायरांत आणि संगणकावरील वादनप्रणालींत मिळते. नवख्याला ती लावताच आवाज आखूड झाल्यासारखा वाटतो. पंधरा-वीस मिनिटे धीर धरावा. मग ती काढली असता जे ऐकू येते तेच विचित्र वाटू लागते. दुसरा मार्ग कृत्रिम मस्तकाच्या कानांत ध्वनिग्राहक बसवून मुद्रण करण्याचा. तो तत्त्वतः निर्दोष, परंतु तशी वाद्यवृंदाची मुद्रणे बाजारात थोडी.

आता यंत्रांविषयी. जॉन कॉसने १९५८ मध्ये मिलवॉकी येथे द्विकर्णी हेडफोन विकावयास काढले, १९६० मध्ये जपानच्या स्टॅक्सने स्थिरविद्युत् तत्त्वावरचे आपले पहिले यंत्र आणले. पण वाद्यवृंदाच्या रसिकाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची तारीख १९६८ ची, ज्या वर्षी जर्मनीच्या झेनहायजरने पिवळ्या फोमच्या गाद्यांचे एच.डी. ४१४ हे पाठीमागून उघडे असलेले यंत्र बाजारात आणले. पाठ बंद असली की पडद्याच्या मागे निघालेला ध्वनी डबीतच कोंडतो आणि सभागृह कपाटाएवढे होते. पाठ उघडी ठेवली की तो मोकळा निघून जातो आणि अंतराला जागा मिळते. त्याच घराण्यातील १९९७ चे एच.डी. ६०० अद्यापही पुष्कळांचे प्रमाण-यंत्र आहे आणि त्याहून खर्चिक यंत्रे त्याला नेहमीच मागे टाकतात असे मला आढळलेले नाही. मात्र त्याचा विद्युत्-रोध ३०० ओहम असल्याने मोबाइलच्या तोटीतून (जेथे ती तोटी अजून शिल्लक आहे तेथे) त्याचा पुरता निभाव लागत नाही; आवाज येतो, पण टिंपनीचा ठोका उशीवर पडल्यासारखा येतो. त्यास एक साधा स्वतंत्र अॅम्प्लिफायर द्यावा. केबलींविषयी, ज्यांच्या किमती कधी कधी हेडफोनच्याही वर जातात, माझे मत इतकेच आहे की त्या दारात अडकून तुटणार नाहीत इतक्या लांब असाव्यात.

उघड्या पाठीचा एक दोष आपल्या हवामानात आणि आपल्या घरांत विशेष जाचतो. जसा आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचाही विनाहरकत आत येतो: छताच्या पंख्याची घुमघुम, शेजारच्या कुकरची शिटी, खालच्या रस्त्यावरचा रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा गजर. ब्रुकनरच्या एखाद्या संथ भागात पंख्याचा स्वर आणि चेल्लोंचा स्वर यांची गाठ पडली की दोहोंपैकी एकाला माघार घ्यावी लागते, आणि पंखा कधी माघार घेत नाही. वैशाखात पंखा बंद करावा तर मखमली गाद्यांखाली कान दहा मिनिटांत घामेजतात. कोलाहल रद्द करणाऱ्या बंद हेडफोनांचा, ज्यांच्या पाठपुराव्याचे श्रेय मुख्यतः वंगवंशीय अमेरिकन प्राध्यापक अमर बोस यांना जाते, विमानात आणि आगगाडीत उपयोग निःसंशय आहे. घरी मात्र मी रात्री अकरानंतरची वेळ, उघडी खिडकी आणि उघडी पाठ ह्यांनाच पसंती देतो.

हेडफोनला न साधणाऱ्या गोष्टीही मान्य करावयास हव्यात. ‘झरथुस्त्र’चा आरंभ ऑर्गन, डबल बास, काँट्राबासून आणि बास ड्रम यांच्या एका अतिखर्ज स्वराने होतो, सभागृहात तो खुर्चीतून आणि छातीतून कळतो, हेडफोनमध्ये फक्त कानातून. मात्र त्या सूर्योदयाच्या शेवटी सारा वाद्यवृंद एकदम थांबतो आणि ऑर्गन एकटाच क्षणभर मागे उरतो, ती जागा हेडफोनइतकी स्वच्छ अन्यत्र क्वचितच ऐकावयास मिळते. जुनी एककर्णी मुद्रणे मी स्वतः ध्वनिक्षेपकावरच ऐकतो. सगळा बर्लिन फिलहार्मोनिक कपाळाच्या मध्यभागी एका बिंदूत बसलेला मला सहन होत नाही.

राहता राहिला आवाजाच्या मर्यादेचा प्रश्न, जो वाद्यवृंदाच्या बाबतीत इतर संगीताहून बिकट आहे. चित्रपटगीताचा जोर आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ सारखा असतो. सिंफनीत तो सारखा नसतो, आणि १९८२ मध्ये आलेल्या सोळा बिटांच्या सीडीने, जिच्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त आवाजांमध्ये सुमारे ९६ डेसिबेलांची तफावत मावते, हा चढउतार जशाचा तसा घरी आणून दिला. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्यास ४० तास ८० डेसिबेल अशी आहे. ती सिंफनीचा श्रोता ओलांडतो तो मोठ्या आवाजाच्या हौसेने नव्हे, तर लहान आवाज ऐकण्याच्या धडपडीने. पुन्हा ‘पॅथेटिक’च घ्या. तिच्या पहिल्या भागाच्या मध्यास क्लॅरिनेटची चाल विझत जाते आणि तिचे शेवटचे चार स्वर बासूनकडे येतात. त्या चार स्वरांखाली, हळू वाजविण्याची खूण असलेले पी हे अक्षर चायकॉव्स्कीने एकदा नव्हे, सहा वेळा लिहिले आहे. बहुतेक संचालक ते स्वर बासूनऐवजी बास क्लॅरिनेटला देतात, कारण बासूनला इतके हळू वाजविणे कठीण. येथे श्रोत्याचा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. आणि लगेच पुढच्याच स्वरावर सगळा वाद्यवृंद एकवटून कोसळतो. म्हणून सिंफनी ऐकावयास बसण्यापूर्वी हा आघात अगोदर एकदा वाजवून पाहावा, त्याच्या मानाने आवाज कायम करावा, आणि मग अखेरपर्यंत बटणाला हात लावू नये. बासून तेवढ्यात ऐकू आला नाही तर पंखा बंद करावा.